दोन मजल्यांमधला परवाना

लिफ्ट थांबली ती काही मोठा आवाज करून थांबली नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसानं जिना चढता चढता कठड्याला धरून 'जरा थांबू या हं' म्हणावं, तशी थांबली. एक हलका धक्का तळपायांतून वर आला, गुडघ्यांत क्षणभर रेंगाळला आणि पोटात जाऊन बसला. डोक्यावरचा पंखा गरगरत गरगरत मुका झाला. दिवा तेवढा राहिला. दाराच्या फटीतून वरच्या मजल्याच्या फरशीची कड दिसत होती, त्याच्या कपाळाच्या उंचीवर, आणि खालच्या बाजूला खालच्या मजल्याचा काळोख. म्हणजे तो आता कुठल्याच मजल्यावर नव्हता. त्याला पहिल्यांदा वाटली ती भीती नव्हे, लाज. कंपनी लिफ्टांची देखभाल करणारी. शहरातल्या निम्म्या इमारती हिच्या भरवशावर वरखाली होणार, आणि हिच्याच कचेरीची लिफ्ट भरदुपारी अशी मध्येच बसकण मारणार! आरशाखाली पितळेची पट्टी होती. तिच्यावर 'निश्चिंत राहा, आम्ही आहोत' असं कोरलेलं होतं, आणि त्या अक्षरांच्या वर आरशात तो स्वतः होता, काखेत कागद धरलेला, विरळ केसांचा, ज्याला सगळी कचेरी सर्व्हरवाले म्हणते तो. पट्टी आणि तो, दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर वळवली.

काखेतला कागद साहेबांच्या सहीसाठी वर चालला होता. आज संध्याकाळी कचेरी सुटली की जुना सर्व्हर बंद होणार होता आणि नवा सुरू होणार होता. इतकी वर्षं सांभाळलेली ती पेटी आता घशात काहीतरी अडकल्यासारखी घरघरायला लागली होती. पेटी बदलणं सोपं. आतलं सामान हलवणंही त्यानं कधीच उरकलं होतं. पण सामान हलवलं म्हणजे घर हललं असं होत नाही, हे त्याला परवान्याच्या मुलीनं शिकवलं. ती सर्व्हर विकणाऱ्या कंपनीत होती. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा आवाज त्याला पाठ झाला होता, स्वच्छ, धुऊन वाळत घातल्यासारखा. "सर, सर्व्हरचा परवाना वेगळा आणि सर्व्हरशी बोलणाऱ्या माणसांचे परवाने वेगळे," ती म्हणाली होती. "ते आहेत आमच्याकडे," तो म्हणाला, "मागच्या वेळी घेतलेत की." "ते जुन्या आवृत्तीचे, सर. नव्या आवृत्तीला चालत नाहीत." "पण माणसं तीच आहेत." "माणसं तीच असतात, सर. आवृत्ती बदलते."

हे वाक्य त्याच्या डोक्यात शिरलं ते निघेना. दाढी करताना आरशात तेच. बायकोनं ताटात वाढलं की तेच. बायको म्हणाली, "मीठ कमी आहे का?" तो म्हणाला, "माणसं तीच असतात, आवृत्ती बदलते." बायकोनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि मिठाची वाटी त्याच्यासमोर ठेवली. ती अशीच होती. त्याच्या बोलण्याचा अर्थ लावत बसण्याऐवजी जे हाताशी असेल ते पुढे करायची, आणि बहुतेक वेळा तेच हवं असायचं.

मग मोजणी आली. परवाने दोन तऱ्हांचे मिळत. एक माणशी, एक यंत्रापाठी. माणशी घेतला तर त्या माणसानं घरून यावं, बाहेरून यावं, फोनवरून यावं, सर्व्हर त्याला ओळख देणार. यंत्रापाठी घेतला तर त्या यंत्रासमोर सकाळच्या पाळीचा बसो की दुपारच्या पाळीचा, सर्व्हर यंत्राला ओळखणार, माणसाकडे बघणारसुद्धा नाही. खाली वर्कशॉपात एकाच तेलकट कॉम्प्युटरवर सगळे मेस्तरी आळीपाळीनं येऊन कामं नोंदवायचे, त्याला यंत्रापाठी एक पुरला. वरच्या मजल्यांवरच्या टेबलवाल्यांना माणशी. हे वाटप करताना त्याला एकदम आपल्या घराची आठवण झाली होती. घरी बायकोचा कारभार माणशी होता: कोण दमलंय, कोणाला भूक आहे, कोण गप्प आहे. त्याचा यंत्रापाठी: पंखा चालतोय का, नळ गळतोय का. आणि दोघं मिळून घर चालत होतं, परवान्याशिवाय, इतकी वर्षं. हे कोणी पकडलं कसं नाही?

लिफ्ट करकरली. दोरांत कुठेतरी ताण आला आणि सुटला. तो भिंतीला टेकला. भिंत गार होती, पत्र्याची, आणि तिला आधीच्या सगळ्या माणसांच्या पाठींचा एक पुसट चकाकता पट्टा पडला होता. इतक्या पाठी इथे टेकल्या आणि यातल्या एकीचाही परवाना कोणी मागितला नाही.

"आणि मी?" असं त्यानं परवान्याच्या मुलीला विचारलं होतं, सगळी मोजणी झाल्यावर, अगदी शेवटी, जाता जाता विचारावं तसं. "तुम्ही काय करता, सर?" "मी सर्व्हर सांभाळतो." "फक्त सांभाळायला आत जाता ना? मग तुम्हाला परवाना लागत नाही, सर. तुम्हाला मोजत नाहीत." तिनं हे आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. त्याची मात्र कानशिलं तापली, आणि ती का तापली ते त्याला कळायच्या आत एक जुनं अंगण डोळ्यांपुढे आलं.

चौघी बहिणी, चौघी मोठ्या, आणि हा शेंडेफळ. खेळ कुठलाही असो, बहिणी हात नाचवून फर्मान काढायच्या, "बाळ्या कच्चा लिंबू!" कच्चा लिंबू म्हणजे खेळात आहे, पण खेळात नाही. पळायचं त्यानंही, धापा टाकायच्या त्यानंही, पण तो पकडला गेला तरी बाद होत नाही आणि त्याच्यावर कधी राज्य येत नाही. आई ओसरीवर बसून निवडता निवडता गुणगुणायची. तिला कुठल्याही गोष्टीची ओवी करायची खोड होती:

चौघी बहिणींच्या खेळात, भाऊ धाकटा कच्चा लिंबू,
पळ पळ रे राजसा, नको कुणासाठी थांबू.

बहिणी हसायच्या, तोही हसायचा. एकदा लपाछपीत तो कपाटात जाऊन बसला. आत कापडांचा वास, डांबरगोळ्यांचा वास, आणि दाराच्या फटीतून येणारी उजेडाची एक काडी. किती छान लपलोय आपण, असं वाटून त्यानं तोंडावर हात दाबून धरला होता. बाहेर पावलं धावली, आरोळ्या झाल्या, एकेक बहीण सापडली. मग खेळ संपला. मग ताटं मांडल्याचे आवाज आले. त्याला शोधायला कोणी आलंच नाही. वाईटपणानं नव्हे हो; कच्च्या लिंबाला शोधायचं नसतं, एवढंच. तो आपला आपण बाहेर आला आणि ताटावर बसला, आणि मोठ्या ताईनं "अरे, हात धुतलेस का?" एवढंच विचारलं.

म्हणून तो परवान्याच्या मुलीशी भांडला. आयुष्यात पहिल्यांदा फोनवर आवाज चढवून. "मी नुसता सांभाळत नाही. मी रजेचा अर्ज त्यावरच भरतो. पगाराची पावती त्यावरच बघतो. मी माणूस म्हणूनपण आत जातो!" मग ती म्हणाली, "मग लागेल, सर. एक तुमचाही धरा." त्या दिवशी त्यानं कोऱ्या कागदाच्या डोक्यावर सर्वांत आधी स्वतःचं नाव लिहिलं, सुवाच्य, शिरोरेघ आखल्यासारखी सरळ. घरी जाऊन बायकोला सांगितलं, "माझा एक धरला." "काय धरला?" "परवाना." "गाडीचा?" "नाही. माणूस असल्याचा." बायको म्हणाली, "बरं झालं, मी उगाच काळजीत होते," आणि दूध उतू जाऊ लागलं म्हणून आत पळाली.

पण परवाने सुटे मिळत नव्हते. गठ्ठ्यानं मिळत. आणि साहेबांनी बजावलं होतं, "गठ्ठा एकच हं. वर एक जरी डोकं निघालं तरी दुसरा गठ्ठा मी घेणार नाही. कोणाला कसं बसवायचं ते तुम्ही बघा." त्यानं पुन्हा पुन्हा मोजलं. प्रत्येक वेळी नेमकं एक डोकं वर निघे. मग ते कुठलं, हे शोधायला फार वेळ लागला नाही. यादीच्या तळाशी एक नाव होतं: आत्या.

आत्या म्हणजे तक्रारीच्या फोनवर बसणाऱ्या बाई. लिफ्ट कुठेही अडकली आणि आतल्या माणसानं धोक्याचं बटण दाबलं की फोन त्यांच्याकडे वाजायचा. खरं नाव कोणाच्या लक्षातही नव्हतं. फार पूर्वी कधीतरी एक लहान पोरगी एकटीच लिफ्टमध्ये अडकली आणि रडत रडत तिनं विचारलं, "तुम्ही कोण बोलताय?" तर या म्हणाल्या, "मी तुझी आत्या बोलतेय, राणी." तेव्हापासून त्या सगळ्या शहराच्या आत्या झाल्या, आणि सर्व्हरवर त्यांची ओळख, म्हणजे आत यायचं खातं, उघडताना त्यानंही तेच नाव घातलं. मग त्या निवृत्त झाल्या. साहेबांनी त्यांच्या जागी माणूस नेमला नाही, यंत्र नेमलं, आणि त्यात स्वतःचा आवाज भरला. त्यासाठी साहेब आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होते.

आत्या गेल्या, पण त्यांची ओळख बंद करा असं त्याला कोणी कळवलं नाही, आणि कळवल्याशिवाय त्यानं आजवर कोणाचं दार बंद केलं नव्हतं. हल्ली, मोजणीसाठी रोजची ये-जा तपासताना, त्याला दिसलं की आत्या दुपारी येतात. रोज. जेवणानंतर येतात आणि दिवेलागणीला जातात. वर्कशॉपातला कोणीतरी टिवल्याबावल्या करायला त्यांचं नाव वापरत असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. एक फोन केला असता तर कळलं असतं. पण विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर गठ्ठ्यात जागा नव्हती. तेव्हा आज सकाळी त्यानं पट्टी लावून त्या नावावर रेघ मारली. रेघ इतकी सरळ आली की त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

आता घाम फुटायला लागला होता. हवेला पत्र्याचा आणि वंगणाचा वास होता. त्यानं बटणांच्या तक्त्याकडे पाहिलं. सगळ्यांत खाली लाल बटण, त्याच्यावर घंटेचं चित्र, आणि त्याच्या बाजूला गाळणीसारखी बारीक भोकं. इतकी वर्षं इथे नोकरी करून त्यानं ते कधी दाबलं नव्हतं. दाबलं. भोकांतून खाकरल्यासारखा आवाज आला आणि साहेब बोलू लागले, घसा साफ, शब्द तुपात घोळलेले: "निश्चिंत राहा. आम्ही आहोत. आपली तक्रार नोंदली गेली आहे. कृपया लिफ्टमध्ये उड्या मारू नका." मग तेच परत. त्याला उड्या मारायच्या नव्हत्या, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर माराव्याशा वाटू लागल्या. मग साहेबही थांबले आणि शांतता आली, कपाटातली, फटीतल्या उजेडाच्या काडीसकट. त्याला वाटलं, झालं. आता बाहेर ताटं मांडतील.

आणि भोकांतून खरखर झाली.

"हॅलो? आत कोण आहे राजा? घाबरायचं नाही हं. मी आत्या बोलतेय."

त्याच्या काखेतला कागद खाली पडला.

"बोल की. एकटाच आहेस का आणखी कोणी आहे? लहान मूल वगैरे?"

"एकटाच आहे," तो म्हणाला. आवाज आला तो बाळ्याचा. त्यानं खाकरून दुरुस्त केला. "मी... सर्व्हरवाला बोलतोय, आत्या."

"अगंबाई! सर्व्हर, तू?" आणि मग हसणं, भोकांतून सांडणारं, डाळ पाखडल्यासारखं. "म्हणजे आपलीच लिफ्ट होय! मी म्हटलं हा पत्ता ओळखीचा कसा. अरे, लिफ्टच्या कंपनीची लिफ्ट, काय बाई तरी! कोणाला सांगू नकोस हं बाहेर."

"तुम्ही कुठून बोलताय?"

"कुठून म्हणजे? घरून. जेवले, भांडी घासली, भाच्यानं दिलेला कॉम्प्युटर लावला आणि बसले. रोजच बसते. कुठं कोण अडकलंय ते पडद्यावर लाल होतं ना, तू शिकवलं होतंस बघ. लाल झालं की त्या लिफ्टचा नंबर फिरवते. मेस्तरी येईस्तोवर बोलत राहायचं, दुसरं काय. माणूस आत एकटं असलं की भिंती जवळ जवळ येतात रे. बोलत राहिलं की लांब जातात."

"पण आत्या, तुम्ही तर निवृत्त झालात."

"झाले की. पण निरोपाच्या दिवशी साहेब भाषणात काय म्हणाले? म्हणाले, हे दार तुमच्यासाठी सदैव उघडं आहे. मला वाटलं, बोलतात माणसं भाषणात. पण घरी येऊन सहज बघितलं, तर खरंच उघडं! म्हटलं, शब्दाचा पक्का माणूस आहे. मग लोकांनी दार उघडं ठेवायचं आणि आपण जायचं नाही, हे बरं दिसतं का?"

तो खाली बसला. कागद त्याच्या बुटाजवळ उताणा पडला होता, वर त्याचं स्वतःचं सुवाच्य नाव आणि तळाशी ती सरळ रेघ. ही बाई आत्ता त्याच्याशी ज्या दारातून बोलत होती ते दार तो आज संध्याकाळी लावणार होता, आणि लावायची परवानगी मागायला वर निघाला होता, आणि तिनंच त्याला मध्ये सावरून धरलं होतं. उद्या दुपारी ती भांडी घासून बसेल. आत येऊ म्हणेल. नवा सर्व्हर विचारेल, कोण तुम्ही? त्याच वेळी कुठल्यातरी इमारतीत कोणीतरी लाल बटण दाबेल आणि साहेब त्याला उड्या मारू नका म्हणून सांगत बसतील.

"गप्प का झालास? भिंती आल्या का जवळ?"

"थोड्या."

"मग ऐक. लहान पोरांसाठी मी एक म्हणते. तू काही लहान नाहीस, पण लिफ्टमध्ये सगळे सारखेच." आणि आत्या म्हणू लागल्या. चाल अशी की झोपेतल्या माणसाचं बोट धरून चाललेली:

अडला गं पाळणा, नाही वर नाही खाली,
राजा माझा सोडवाया मेस्तरींची स्वारी आली.

"म्हण माझ्या मागून."

"मी?"

"मग काय भिंत म्हणणार आहे?"

तो म्हणू लागला. आधी ओठांत, मग घशात, मग मोकळं. पन्नाशी उलटलेला माणूस, लिफ्टच्या फरशीवर मांडी घालून, अडला गं पाळणा. आणि गंमत म्हणजे भिंती खरंच लांब गेल्या. त्याच वेळी डोक्यावर, वरच्या मजल्याच्या फरशीच्या कडेवर, दोन चकचकीत बूट येऊन उभे राहिले. ते बूट कचेरीत एकाचेच होते. बूट थबकले. मग बुटांशेजारी गुडघा टेकला आणि फटीतून साहेबांचा अर्धा चेहरा दिसला, एक डोळा, एक कान.

"सर्व्हरवाले, गाताय काय?" साहेब कुजबुजले. "आणि हा दुसरा आवाज कोणाचा? मी तर असं काही भरलेलं नाही."

त्यानं भोकांकडे बोट दाखवलं. आत्या दुसरं कडवं रचत होत्या, मध्येच विचारत होत्या, "पाणी आहे का रे जवळ? नाही? मग जास्त ओरडून म्हणू नकोस." साहेबांचा कान फटीला अधिकच चिकटला. त्या कानाचा रंग हळूहळू बदलत गेलेला त्यानं खालून पाहिला, आधी गुलाबी, मग लाल. लोकांचे फोन यायचे साहेबांना. तुमच्या त्या फोनवरच्या आवाजानं फार धीर आला म्हणायचे. किती मायेनं बोलता हो तुम्ही लोक. साहेबांनी दर वेळी मान तुकवून, छातीवर हात ठेवून, कर्तव्य आहे आमचं, असं म्हटलेलं त्यानं स्वतः ऐकलं होतं. एक बाई तर म्हणाल्या होत्या, आमच्या नातवाला तुमची ओवी पाठ झाली. साहेबांना ओवीचं कोडं सुटलं नव्हतं, पण कौतुक परत कोण करतो?

खाली मेस्तरींची हाक आली, "सर्व्हरवाले, बसूनच राहा, ब्रेक सोडतोय!" दोर ताणले. पंखा परत बोलायला लागला. लिफ्ट झोपेतून उठल्यासारखी आळस देत वर सरकली, फरशीची कड त्याच्या डोक्यावरून छातीवर, छातीवरून गुडघ्यावर उतरली आणि दार उघडलं. साहेब अजून गुडघ्यावरच होते आणि तो अजून मांडी घालून, त्यामुळे दोघं समोरासमोर, एका उंचीवर आले. असं त्यांच्यात आधी कधी झालं नव्हतं.

"सुटलास का रे?" भोकांतून आवाज आला.

"सुटलो, आत्या."

"मग ठेवते. दुसरीकडे लाल झालंय."

खट्. साहेब उठले, गुडघा झटकला. मग म्हणाले, "म्हणजे ते सगळे लोक..."

"हो साहेब."

"तो नातू..."

"हो साहेब."

"आणि मी मेला गुळण्या करत बसलो." साहेबांनी भिंतीचा आधार घेतला. "आणा तो कागद. यात आहेत ना त्या?"

त्यानं कागद फरशीवरून उचलला. तळाची रेघ साहेबांना दिसली. "ही कोणी मारली?"

"मी. एक डोकं वर निघत होतं."

साहेबांचा चेहरा दोन बाजूंनी ओढल्यासारखा झाला. एका बाजूनं आत्या ओढत होत्या आणि दुसऱ्या बाजूनं दुसरा गठ्ठा. "आता काय करायचं?" ते म्हणाले. "यंत्रापाठी की काय म्हणतात, त्यात नाही बसत त्या?"

"भाच्याचं यंत्र आहे, साहेब. आज आहे, उद्या बदललं की पुन्हा पंचाईत. माणशीच हवा."

बोलता बोलता त्याला कळलं की उत्तर आपल्याला लिफ्टमध्येच माहीत झालं होतं, पहिल्या ओळीच्या वेळी. आपण ते इतका वेळ फक्त धरून बसलो होतो, कपाटात तोंडावर हात दाबून धरला होता तसं. त्यानं खिशातलं पेन काढलं, कागद लिफ्टच्या चौकटीवर टेकवला आणि डोक्यावरच्या पहिल्या नावावर रेघ मारली. पट्टी नव्हती, त्यामुळे रेघ वाकडी आली, आणि वाकडी आली म्हणून बरी वाटली. मग तळाशी पुन्हा लिहिलं, आत्या.

"अहो, पण हे तर तुमचं," साहेब म्हणाले.

"मला लागत नाही, साहेब. मी नुसता सांभाळतो. सांभाळणाऱ्याला मोजत नाहीत."

"मग तुमची रजाबिजा? पगाराची पावती?"

"बघू," तो म्हणाला. आणि साहेबांनी सही केली, नेहमीपेक्षा जरा लहान.

संध्याकाळी कचेरी रिकामी झाल्यावर त्यानं जुना सर्व्हर बंद केला. घरघर थांबली तेव्हा खोलीतली हवा एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. नवा सर्व्हर बोलत नव्हता, मांजरासारखा नुसता गुरगुरत होता. त्यानं एकेका नावाला ओळख दिली, शेवटी आत्यांना. स्वतःसाठी फक्त सांभाळणाऱ्याचं दार ठेवलं, ज्यावर नाव नसतं, नुसतं काम असतं. त्या दारातून आत आलं की सगळी दारं दिसतात आणि आपला अर्ज ठेवायला एक फळीसुद्धा नसते. घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, "झाला का नवा?" तो म्हणाला, "झाला. माझा परवाना गेला." बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं, या वेळी मिठाची वाटी पुढे केली नाही, शेजारी येऊन बसली. "माणूस असल्याचा?" "हो." "असू दे," ती म्हणाली, "इथं कोणी विचारत नाही."

काही दिवसांनी मोठ्या ताईच्या नव्या घराचं काम पूर्ण झालं आणि चौघी बहिणी तिथे जमणार होत्या. ताईचा फोन आला, "बाळ्या, तू ये हं, नुसता हो हो म्हणू नकोस." म्हणजे रजा हवी. म्हणजे अर्ज हवा. तो दुपारी सर्व्हरच्या खोलीत बसला, सगळ्यांच्या सगळ्या दारांच्या मधोमध, आणि त्याला आपलंच हसू आलं. मग त्यानं फोन उचलला.

"आत्या, लाल आहे का कुठं?"

"नाही रे. आज सगळे वरखाली करताहेत गुण्यागोविंदानं. बोल."

"एक रजा टाकायची होती."

"कोणाची?"

"माझी. मला आता आत जागा नाही. मी कच्चा लिंबू आहे."

"असा कसा नाहीस?" आत्या म्हणाल्या. "पगार होतो ना तुझा? मग कर्मचाऱ्यांच्या यादीत असशीलच कुठंतरी. थांब, हलू नकोस. शोधते."

फोनमधून माऊसची टकटक ऐकू येऊ लागली. टक, टक. मग थांबून, "इथं नाहीस." पुन्हा टक, टक. "इथंही नाहीस. बरा लपलास की रे!" खोलीत दिवे लुकलुकत होते, दाराच्या फटीतून उजेडाची एक काडी आत आली होती. त्यानं नकळत तोंडावर हात दाबून धरला आणि श्वास रोखून, अगदी गप्प, जवळ जवळ येणारी ती टकटक ऐकत बसला.